हवापालटापासून चाचणीपर्यंत

क्लिनिकल संशोधन म्हणजे रुग्णांवर, त्यांच्या संमतीने आणि आधी आखलेल्या आराखड्यानुसार केलेला अभ्यास. एखादे औषध लागू पडते की रोग आपोआप ओसरतो, एक उपचार दुसऱ्यापेक्षा खरोखर सरस आहे का, हे प्रश्न डॉक्टरांना रोजच पडतात. त्यांची उत्तरे अनुभवाच्या भरवशावर न सोडता मोजून काढण्याची रीत मात्र वेगळी शिकावी लागते. महाराष्ट्रात एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागू लागला, त्याला अनेक दशके झाली. पण संशोधनपद्धतीचे रीतसर शिक्षण सक्तीचे झाले ते २०१९ पासून. त्याआधीचा दोन शतकांच्या जवळपास जाणारा प्रवास पाहायचा तर महाबळेश्वर-पाचगणीचे पठार, मिरज आणि घाटाखालचे महाड ही ठिकाणे सोयीची आहेत. येथे रुग्ण होते, निरीक्षक डॉक्टर होते, नोंदीही होत्या. तुलना मात्र फार उशिरा आली.

१८२४ मध्ये लॉडविक हा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या कड्यावर चढून आला. चार वर्षांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तेथे आरोग्यस्थान वसवण्याचे मनावर घेतले. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार झाला, वाईजवळील खंडाळा गाव देऊन डोंगरावरची जागा ईस्ट इंडिया कंपनीने घेतली आणि माल्कमपेठ उभी राहिली. हेतू सरळ होता. सपाटीवर तापाने, हगवणीने, यकृताच्या दुखण्याने खंगलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना मायदेशी पाठवण्याऐवजी जवळच कोठे तरी सावरता यावे. त्यामुळे या गावाच्या जन्मापासूनच डॉक्टर त्याच्याशी जोडले गेले. हवेचे तापमान, पावसाचे इंच, वाऱ्याची दिशा आणि आलेल्या आजाऱ्यांची प्रकृती यांची टिपणे कंपनीचे सर्जन ठेवत. १८३० च्या दशकात मुंबईत निघालेल्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीसारख्या मंडळींत अशा टिपणांवरून लेख वाचले जात, छापले जात. त्या काळी वैद्यकीय संशोधन म्हणजे मुख्यतः हेच होते: एखाद्या जागेचे हवामान आणि तिथले रोग यांचे बारकाईने केलेले वर्णन.

ही वर्णने टाकाऊ नव्हती. डोंगरावर हिवतापाचा जोर कमी होता, हे त्यांतले निरीक्षण खरेच होते. चूक झाली ती कारण शोधण्यात. श्रेय दिले गेले ते विरळ, थंड, ‘दुर्गंधमुक्त’ हवेला. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत सापडायला १८९७ उजाडावे लागले. दुसरी अडचण अधिक नाजूक होती. डोंगरावर कोण येई? घाट चढण्याचा प्रवास झेपणारा, रजा मिळालेला, पदरी पैसा असलेला माणूस. तो येई मार्चपासून मेअखेरपर्यंत, आणि सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पाडणारे ढग दिसू लागले की खाली उतरे. जे अतिशय आजारी होते ते वाटेला लागलेच नाहीत. अशा निवडक लोकांपैकी बरेच बरे झाले यात नवल ते काय? पण ते खालीच राहिले असते तर किती बरे झाले असते, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते, कारण तसा प्रश्न विचारायचा असतो हेच त्या पिढीच्या शिक्षणात नव्हते.

हाच धागा पुढे पाचगणीत दिसतो. जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसवलेले हे गाव कोरड्या हवेसाठी नावाजले. पावसाचा मारा महाबळेश्वरपेक्षा बराच कमी, म्हणून येथे वर्षभर राहता येई. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी येथे बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. पुढे मिरजेजवळ वानलेसवाडीलाही क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र आरोग्यधाम उभे राहिले. औषध असे काहीच नसल्याने मोकळ्या व्हरांड्यातली खाट, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी आणि उंचावरची हवा हाच उपचार होता. जोडीला फुप्फुस दाबून ठेवण्याच्या शस्त्रक्रिया आल्या. जगभरच्या आरोग्यधामांचे अहवाल एकाच साच्याचे असत: इतके बरे झाले, इतके सुधारले, इतके होते तसेच राहिले. फार पुढच्या टप्प्यातल्या रुग्णाला प्रवेश नाकारण्याची पद्धतही बहुतेक ठिकाणी होती आणि त्यामुळे आकडे आपोआप चांगले दिसत. हे डॉक्टर अप्रामाणिक नव्हते. मोजण्याची त्यांची पद्धतच अपुरी होती.

मिरजेची कथा निराळ्या वळणाची आहे. विल्यम जेम्स वानलेस हे कॅनडात जन्मलेले प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये सांगलीस आले. १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय सुरू झाले आणि १८९७ मध्ये तेथेच वैद्यकीय शाळा निघाली. मोतीबिंदू, मूतखडे, पोटाच्या गाठी यांसाठी दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून माणसे मिरजेस येत, आणि ‘मिरजेला नेले’ एवढे म्हटले की पुढचे विचारावे लागत नसे. वानलेस यांना १९२८ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. या शाळेतून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी लहान गावांत दवाखाने थाटले. शिक्षण गुरूच्या हाताखालचे होते: पाहा, मदत करा, मग स्वतः करा. हात तयार करण्यासाठी याहून चांगली शाळा मिळाली नसती. मात्र एका पद्धतीने केलेल्या शंभर शस्त्रक्रिया दुसऱ्या पद्धतीच्या शंभरांशी ताडून पाहण्याची सवय या गुरुशिष्य परंपरेतून लागत नाही. गुरूची पद्धत ही तिथे शंकेची गोष्ट नसते.

तुलनेचा पहिला मोठा धडा महाराष्ट्राने घेतला तो प्लेगच्या दिवसांत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि थोड्याच काळात सातारा, पुणे, सांगलीच्या गावांपर्यंत पोहोचला. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजी झालेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि न घेतलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना झाली. लस घेतलेल्यांत आजार आणि मृत्यू स्पष्टपणे कमी निघाले. आजच्या नैतिकता समितीसमोर हा आराखडा ठेवला तर तो पहिल्याच बैठकीत परत येईल: कैद्याची संमती कितपत मोकळी, आणि लसीला पुढे येणारा कैदी मुळातच धडधाकट नसेल कशावरून? हाफकिन यांना यातला दुसरा आक्षेप ठाऊक असावा, कारण १८९८ मध्ये वडोद्याजवळ उंडेरा गावात त्यांनी एकेका कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस देऊन उरलेल्यांशी ताडून पाहिले. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांत तुलना करण्याची ही युक्ती तिच्या काळाच्या बरीच पुढची होती. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. पण हा धडा प्रयोगशाळेच्या भिंतींत राहिला. वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात तो उतरला नाही.

आरोग्यधामांच्या हवेची परीक्षा अखेर झाली ती पाचगणीत नव्हे, मद्रासेत. त्या परीक्षेची पद्धत मात्र ब्रिटनमधून आली. १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. १०७ क्षयरोग्यांना संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या यादृच्छिक क्रमाने दोन गटांत वाटले होते. सहा महिन्यांत औषधाच्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीच्या ५२ पैकी १४. यादृच्छिक वाटणीचे महत्त्व असे की कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरच्या मनावर राहत नाही. म्हणून दोन्ही गट सुरुवातीला बहुतांशी सारखे असतात आणि शेवटी दिसणारा मोठा फरक औषधाचाच मानता येतो. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून मद्रासेत क्षयरोग औषधोपचार केंद्र काढले. तेथे १९३ रुग्णांना त्याच पद्धतीने वाटले गेले: निम्मे आरोग्यधामात, निम्मे शहरातल्या आपापल्या दाटीवाटीच्या घरांत. गोळ्या दोघांना त्याच. घरी राहिलेल्यांना आहार कमी दर्जाचा होता, विश्रांती जेमतेम, हवा तर शहराचीच. १९५९ मध्ये निकाल छापला गेला आणि दोन्ही गटांच्या बरे होण्यात फारसा फरक आढळला नाही. घरातल्या माणसांना लागण होण्याचा धोकाही वाढलेला नव्हता.

एका छापील निबंधाने खाटा, व्हरांडे आणि थंड हवेच्या शंभर वर्षांच्या प्रतिष्ठेचा हिशेब मिटवला. त्यानंतर जगभर आरोग्यधामे ओस पडत गेली किंवा दुसऱ्या कामाला लागली. पाचगणीचे बेल-एअर पुढे रेडक्रॉसकडे गेले. रुग्णांची संख्या, वर्षानुवर्षांचे अहवाल आणि अनुभवी डॉक्टर असूनही ही चाचणी सातारा जिल्ह्यातल्या डोंगरावर का झाली नाही, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. ज्या गावाचे नावच हवेवर उभे आहे, तिथून हवेविषयी शंका निघण्याची शक्यता कमीच. शिवाय अशा चाचणीला संख्याशास्त्रज्ञ, जंतुपरीक्षेची प्रयोगशाळा आणि वर्षानुवर्षे घरोघर जाणाऱ्या परिचारिका लागतात. मद्रासेत हे सगळे एका छपराखाली आणले गेले आणि तिथे काम करता करता एक पिढी संशोधन शिकली. क्लिनिकल संशोधनाची भारतातली पहिली खरी पदव्युत्तर शाळा तीच म्हणावी लागेल, जरी तिने सुरुवातीला कोणाला पदवी दिली नाही.

महाराष्ट्रात मात्र पदवी होती आणि शाळा नव्हती. १९१२ मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाले आणि तेथून पदव्युत्तर पदविका मिळू लागल्या. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झाले. १९८४ मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आले, १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. या सगळ्या वाढीत एमडी-एमएसचा प्रबंध जवळजवळ एकाच चाकोरीत राहिला. विषय गाइड देई, बहुधा वॉर्डात सहज मिळणाऱ्या रुग्णांवरून. ‘अमुक आजाराच्या पन्नास रुग्णांचा अभ्यास’ अशी शीर्षके ग्रंथालयांच्या कपाटांत रांगेने सापडतात. संख्याशास्त्रज्ञाला गाठले जाई ते माहिती गोळा झाल्यानंतर, म्हणजे चूक सुधारण्याची वेळ टळून गेल्यावर. परीक्षेत प्रबंधावर दोन प्रश्न विचारले जात आणि बांधीव प्रत कपाटात जाई. या चाकोरीला अपवाद होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्यासारख्यांनी क्लिनिकल फार्माकॉलॉजीला स्वतंत्र विषयाचे स्थान मिळवून दिले आणि तेथे त्या विषयातला डीएम अभ्यासक्रम चालला. त्याच रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदातली औषधे आधुनिक चाचणीच्या कसोटीवर घासून पाहण्याचे काम उभे केले. 

सर्वांत मोठा अपवाद मात्र कोणत्याही महाविद्यालयाबाहेर घडला, महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरल्यावर लागणाऱ्या महाड भागात. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा दंश ही सर्रास घटना. गवत कापताना, भाताच्या पेंढ्या उचलताना, रात्री अंथरुणात विंचू चावे. चावल्यावर घाम, लाळ, हातपाय गार, रक्तदाब भडकलेला, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून मृत्यू, त्यातही लहान मुलांचा अधिक. पाठ्यपुस्तकांत याविषयी फारसे काही नव्हते आणि भारतात प्रतिविषही मिळत नव्हते. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, श्वास यांची तासातासाने नोंद ठेवली. या नोंदींतून त्यांच्या लक्षात आले की विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते. त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिले. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात १९८२ मध्ये विंचूदंशाच्या धोक्याच्या लक्षणांवर आणि १९८६ मध्ये प्राझोसिनवर त्यांची टिपणे आली. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि हे उपचार कोकणाबाहेर, देशाबाहेरही पोहोचले.

प्राझोसिनचा पुरावा मात्र आधीच्या रुग्णांशी केलेल्या तुलनेचा होता. आधी इतके दगावत, आता इतके. फरक एवढा मोठा असला की अशी तुलनाही पुरते. पुढे हाफकिन संस्थेचे प्रतिविष मिळू लागले, तेव्हा प्रश्न अवघड झाला: प्राझोसिनने माणूस वाचतोच आहे, मग प्रतिविषाची भर घालून काही लाभ आहे का? येथे जुन्या वहीवरून उत्तर मिळाले नसते. बावस्कर दांपत्याने महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांची यादृच्छिक चाचणी केली आणि ती २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण दोन्ही औषधे मिळालेल्या गटात ३५ पैकी ३२ होते, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. ज्याच्या हाताखाली निवासी डॉक्टर नाहीत, ज्याला अनुदान नाही, असा तालुक्याचा डॉक्टर बघण्यापासून ताडण्यापर्यंत कसा जातो, याचे इतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

दरम्यान शहरांत निराळाच ओघ सुरू झाला होता. १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधांवर उत्पादन-पेटंट लागू झाले. त्याच वर्षी औषध नियमांतले ‘शेड्यूल वाय’ बदलले आणि परदेशी कंपन्यांना भारतात नव्या औषधांच्या चाचण्या घेणे सोपे झाले. मुंबई-पुण्यात चाचण्या चालवून देणाऱ्या संस्था निघाल्या आणि त्यांना माणसे हवी होती. लगेच क्लिनिकल रिसर्चच्या पदव्युत्तर पदविकांचे पेव फुटले. फार्मसीचे, आयुर्वेद-होमिओपॅथीचे, दंतवैद्यकाचे पदवीधर मोठ्या संख्येने त्यांत शिरले. अभ्यास मुख्यतः कार्यपद्धतीचा होता: १९९६ मध्ये ठरलेले ‘गुड क्लिनिकल प्रॅक्टिस’चे आंतरराष्ट्रीय नियम, संमतिपत्र, अनिष्ट परिणामांची नोंद, कागदांची तपासणी. या पदविकांनी चाचणी चालवणारी माणसे घडवली. चाचणी सुचवणारी नव्हे.

याच काळात नैतिकतेचे प्रश्न पुढे आले. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. या कर्करोगास कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू कमी होतात, हे तिने २००९ मध्ये दाखवले. पण ज्या गटाची तपासणीच झाली नाही त्या स्त्रियांचे काय, यावर पुढे कडाक्याचा वाद झाला. तुलना हवी म्हटले की ज्याच्याशी तुलना करायची त्या माणसाला काय द्यायचे हा प्रश्न मागोमाग येतो, आणि गरीब गावात तो अधिक बोचतो. स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या याचिकेवर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाचण्यांच्या परवानग्यांवर कडक देखरेख आणली आणि कंपन्यांच्या चाचण्या एकदम आटल्या. पदविकांचे वर्गही ओसरले. मार्च २०१९ मध्ये ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम’ लागू झाले. त्यांत भरपाईची रीत पक्की झाली, औषधचाचण्यांपलीकडचे आरोग्य संशोधन तपासणाऱ्या नैतिकता समित्यांचीही नोंदणी बंधनकारक झाली आणि महाविद्यालयांत केवळ ज्ञानासाठी होणाऱ्या चाचण्यांना काहीसा मोकळा मार्ग मिळाला.

पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी बदल घडला तो याच सुमारास. २०१९ पासून ‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम त्याला सक्तीचा झाला. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था तो चालवते. प्रश्न कसा मांडावा, नमुना किती घ्यावा, पूर्वग्रह कोठून शिरतात, हे त्यात प्रबंधाच्या आधी शिकवले जाते. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांनी संशोधनपद्धती, नैतिकता आणि संशोधन अभ्यासक्रम यांची सक्ती कायम ठेवली. चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली होती आणि जून २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद अनिवार्य झाली. तिच्या अर्जात आता ‘हा पदव्युत्तर प्रबंध आहे का’ असा स्वतंत्र रकाना असतो. प्रबंधासाठी चाचणी करणाऱ्या मिरज किंवा कराडच्या निवासी डॉक्टरला पहिला रुग्ण घेण्याआधी हा अर्ज भरावा लागतो, म्हणजे शेवटी निकाल पाहून प्रश्न बदलण्याची सोय उरत नाही.

अडचणी आहेतच. तीन वर्षांत, रात्रपाळ्या सांभाळून, पुरेसे रुग्ण गोळा करणे कठीण जाते. म्हणून प्रश्नच लहान केला जातो. संमतिपत्र मराठीत लागते आणि ते छापील, बोजड मराठीत लिहिले तर जावळीच्या खोऱ्यातल्या रुग्णाला त्यातले काही उमगत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो आणि वॉर्डात तो शोधायचा कोठे, हा रोजचा पेच असतो. जमेची बाजूही आहे. २०२१ च्या तुकडीपासून पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. विंचू, साप, कीटकनाशके, क्षय यांचे रुग्ण त्याला तेथे खऱ्या संख्येने दिसतात. शिवाय सातारा शहरातही २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

डॉक्टरांखेरीज इतर आरोग्य व्यावसायिकांचा रस्ता अजून वेगवेगळ्या दारांतून जातो. एमएस्सी नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासात प्रबंध आहे. फार्म-डी हा सहा वर्षांचा, रुग्णालयाशी जोडलेला अभ्यासक्रम २००८ च्या नियमांनी आला. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात क्लिनिकल रिसर्चमधील एमएस्सी शिकवली जाते, आणि कर्करोगाच्या चाचण्यांचा आराखडा कसा लिहावा याची ‘क्रेडो’ ही निवासी कार्यशाळा त्याच केंद्राने राष्ट्रीय कर्करोग जालाच्या साथीने २०१५ पासून चालवली आहे. तिथे प्रत्येक शिकाऊ संशोधक आपला एकच प्रश्न घेऊन येतो आणि काही दिवसांत त्याचा पूर्ण आराखडा लिहून बाहेर पडतो.